बर्फाखालची बेवारस नदी

४ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. जहाज इतकं हलतंय की नमस्कार आपोआप साष्टांगच घडतो.

इथून ईमेल जातो, पण तुला पत्राचाच थाट लागतो, म्हणून हा घाट. ध्रुवाजवळचा समुद्र तापतोय आणि त्यात गोडं पाणी मिसळतंय. ते कुठून येतं, हे शोधायला मला घेतलंय. रोज सकाळी सातला मी जहाजाच्या मागून बाटल्या सोडते. नदीच्या आणि वितळलेल्या हिमनदीच्या पाण्यातला ऑक्सिजन वेगवेगळ्या वजनाचा असतो, त्यावरून पाण्याचं माहेर कळतं. माझ्या बाटल्या म्हणतात, नदी! आणि चारशे मैलांत नदी नाही. आमच्या साहेबांना आनंदानं जेवण जात नाहीये. बर्फाखाली अज्ञात नदी सापडली, असं ते शुक्रवारी जगाला सांगणार. खाली सही माझी. चुकलं तर पहिली नोकरी हीच शेवटची. आईला सांगू नकोस, ती लगेच परत ये म्हणेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस, इथं तेवढीच दाट राहिलीय.
तुझी खारूताई

५ ऑगस्ट

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तीस वर्षं मी प्लंबर आहे. गिऱ्हाईक नेहमी वरच्या मजल्यावर संशय घेतं आणि तुंबलेली मोरी त्याचीच असते. एका प्राचार्यांनी शेजाऱ्यावर खटला भरला होता. पाणी त्यांच्याच फ्रिजखालून येत होतं. तेव्हा बाई, जगाच्या आधी घरचं बघ. जहाजाच्या टाकीत पाणी कुठलं? न्हाणीघराचा पाइप बाहेर कुठे सुटतो? मेन व्हॉल्व बंद कर आणि मग बाटली भर. कोणी ओरडलं तर ओरडू दे, बहुतेक गळतीचं मूळ तोच असतो. मामी म्हणते, एवढं शिकून पोरीला मोरी सापडेना. मनावर घेऊ नकोस, माझ्याबद्दलही ती हेच म्हणते.

मफलर आणि मामा, दोन्ही सोडू नयेत.
तुझा मामा

८ ऑगस्ट, शुक्रवार

ती. मामास,
दुरूनच पाया पडते, जवळ असते तर मिठीच मारली असती.

टाकीत बंदरावरच्या नदीचं पाणी निघालं आणि न्हाणीघराचा पाइप माझ्या बाटल्यांच्या दोन हात वर! काल सातला इंजिनवाल्या काकांना गळ घालून व्हॉल्व बंद करायला लावला. बाटल्यांतली नदी तत्काळ आटली आणि साहेब डोक्यावर फेस घेऊन, टॉवेल सावरत बाहेर आले. रोज सातलाच पाऊण तास आंघोळ करतात म्हणे. मला पुढच्या बंदरावर उतरवीन म्हणाले. मी म्हटलं, उतरवा, पण आधी जहाजाच्या पुढच्या टोकाकडून भरलेली ही बाटली बघा. तिच्यात मोरीचा अंश नाही, तरी मीठ कमी. ऑक्सिजनच्या वजनावरून ते पाणी हिमनदीचं आहे, आणि गेल्या वर्षीच्या दुप्पट. साहेबांनी आकडे तीनदा वाचले. फेस वाळला तरी हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, नदी असती तर बरं झालं असतं.

घोषणा रद्द. आता हिमनदीचा अहवाल जातोय, सही माझीच.

आज सकाळी दारावर टकटक. बघते तर साहेब, खांद्यावर टॉवेल. अदबीनं विचारलं, आंघोळ केली तर चालेल का. मी म्हटलं, शेवटची बाटली वर येईपर्यंत थांबा.

थांबले.

तुझ्या लोभाला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून तो हक्कानं मागते.
तुझी खारूताई