काढलेल्या दाढेखालचं हाड

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं निस्तरणं माझ्यामागे आहेच. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी काल माझी डावी हिरडी उघडली, आत हाडाची भुकटी भरली आणि टाके घातले. भुकटी कशाची, हे मी विचारलंसुद्धा नाही. पाच-सहा महिन्यांत तिचं हाड झालं तर त्यात स्क्रू बसवून वर दात लावायचा. नाही झालं तर? "मग पुन्हा बघू, काका," म्हणे. उजव्या दाढा आधीच कामातून गेल्यात. ही बाजूही गेली तर जन्मभर भाकरी कुस्करून गिळायची. वैताग आहे नुसता.

आणि हे सगळं कशापायी, तर सरकीपायी. पुसदच्या कापूस खरेदी केंद्रावर तुम्ही मालाची प्रत ठरवणारे ग्रेडर, मी हंगामी मदतनीस. भाव पडलेले, फाटकाबाहेरपर्यंत गाड्या, जो तो शेतकरी भांडणाच्या तयारीत. मालाची ओल पाहायला तुम्ही सरकी दाढेखाली फोडायचे. कट्ट वाजली तर कापूस सुका, दबली तर ओला. ओल मोजायचं यंत्र कपाटात होतं की! पण तुमचं आपलं एकच, "मशीनवर कोनाचा इस्वास हाय? त्यायच्यासमोर फोड, आवाज आयकू दे त्यायले." मी आपला फोडतोय, दिवसभर फोडतोय, आणि हंगाम संपायच्या आत माझी दाढ उभी चिरली. ती काढली, जागा तशीच राहिली. आता या बाई म्हणतात, दातच नाही तर खालचं हाड कोणासाठी राहील? झिजून गेलं.

कोणी काढायला लावली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वडिलांनी. बायकोला, पोरांना, सगळ्यांना मी हेच सांगत आलोय.

तुम्ही त्या दिवशी दवाखान्याबाहेर बाकावर बसला होता. आतला डॉक्टर म्हणत होता, दाढ वाचेल, पण तीन खेपा लागतील, आतून कोरावं लागेल. माझी पाचावर धारण बसली. काढून टाका, असं मीच म्हटलं. घरी आई माझ्यावर उखडली, तेव्हा तुम्ही चप्पल काढता काढता म्हणाले, "पोराले कायले बोलून राह्यली? म्याच सांगतलं काढाले." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बायको आत्ताही स्वयंपाकघरातून तुमच्याच नावानं बोटं मोडते आहे. मी गप्प बसलोय, बाबा.