हाकेचं नाव

१० जून २०१३, लातूर

आज यांना दवाखान्यातून घरी आणलं. अर्धांग. डोळे उघडे, पण कुणाकडं वळत न्हाईत. डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा. ओळख दिली तर आशा आहे." मी "अवं, ऐकता का" म्हणत राहिले. हे भिंतीकडं बघत राहिले. आधी तरी कुठं लई ऐकत होते म्हणा.

(अक्षर नातीचं, रुद्राणीचं. मला लिहिता येत न्हाई, बोलता येतं.)

१२ जून

रुद्राणी खाटेशीच कॉम्प्युटर घेऊन बसते. एका कोचिंग क्लासच्या हजेरीचा प्रोग्राम करते. म्हणलं, सांग तरी काय करतीस. "आज्जी, यात एकेकाला हाक मारायची. हाकेच्या नावाला सिलेक्टर म्हणतात. 'हजेरी लाव' म्हणलं की पोराची दिवसाची लागते, सरांची तासाची. हाक एकच, काय करायचं ते ज्याचं त्याला ठाऊक."

"अन् एखाद्याला ती हाकच ठाऊक नसली तर?"

"तर प्रोग्राम तिथंच मरतो."

बोलली अन् तिची नजर खाटेकडं गेली. म्हणलं, लिही, आजीला काही वाटलं न्हाई.

वाटलं.

१३ जून

न्हाई. आजबी न्हाई.

१५ जून

पोरीनं प्रोग्राममधल्या वॉचमनलाबी 'हजेरी लाव' पाठवलं. त्याला ते शिकवलंच नव्हतं. प्रोग्राम आडवा. म्हणलं, वॉचमनची कशाला लावतीस, तो खुर्चीत झोपलेला दिसतोच की.

हसली. मग हळूच म्हणाली, "आजोबांना दुसरी हाक मारून बघ ना. नावानं."

नवऱ्याचं नाव! लग्नात उखाण्यात घेतलं, तेबी दार अडवलं म्हणून. पुढं सगळा संसार 'अवं'वर झाला. भर बाजारात म्हणलं तरी हेच वळायचे.

तिला म्हणलं, म्हातारपणी बिघडवतीस मला.

१८ जून

डॉक्टर बघून गेले. "आता फार आशा धरू नका." लेक, उद्धव, दारात उभा राहिला. आत आला न्हाई.

१९ जून

सगळ्यांना बाहेर काढलं. दार लोटलं. कानाशी तोंड नेऊन म्हणलं, "वैजनाथ."

मान वळली. माझ्याकडं बघितलं. ओठ हलले. "आलो, आई."

घरात त्यांना नावानं बोलावणारी बाई एकच होती. माझी सासू. भूकंपात गेली.

मी म्हणलं, "ये बाळा."