बर्गनला जाणाऱ्या बायकोसाठी चौसष्ट सूचना

१२ मार्च २०२५, बुधवार
सेलेस्तीनचा पेपर नॉर्वेच्या परिषदेत घेतला. गाव बर्गन, महिना सप्टेंबर, खर्च त्यांचा. विषय, आमच्या खाडीत कालवं, म्हणजे खडकाला चिकटणारे शिंपले, काढणाऱ्या बायका. चौदा वर्षं माझी बायको ओहोटीला त्यांच्याबरोबर चिखलात उतरते आणि टोपल्या मोजते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, ते ठीक. पण जग कोण शिकवत आलं? मी. हायस्कूलला एकतीस वर्षं भूगोल.

संकल्प: प्रवासाची सगळी जबाबदारी माझी. मीही जाणार. फॉर्मात 'सोबतची व्यक्ती' असा कॉलम आहे. नवीन वही काढली. नाव दिलं, 'परदेशी परिषदेस जाणाऱ्या प्रतिनिधींसाठी व्यावहारिक सूचना'.

२०१९ सारखं यंदा होऊ द्यायचं नाही. तेव्हा तिला जपानचं बोलावणं होतं आणि पासपोर्ट संपत आलेला. ऑनलाइन अर्ज भरून अपॉइंटमेंट घ्यायचं काम माझ्याकडे होतं. तीन आठवडे रोज मालवणच्या सायबर कॅफेत गेलो, रोज सर्व्हर डाऊन. जपान राहिलं. माझा काय दोष? यंदा जानेवारीत तिने नवीन पासपोर्ट स्वतःच काढून आणला, मला न विचारता. असो.

२ एप्रिल, सकाळी
सूचना तयार: बारा. पहिली सगळ्यात महत्त्वाची. 'परदेशी जाणारा माणूस भांबावतो. म्हणून पासपोर्ट प्रवाशाने स्वतःकडे न ठेवता सोबतच्या जबाबदार व्यक्तीकडे द्यावा.' सेलेस्तीनला वाचून दाखवली. ती पेपर तपासत होती. म्हणाली, बरा.

सूचना ५: बर्गनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस. तीन छत्र्या. हे मी नववीला शिकवलंय.

सूचना ७: युरो बरोबर ठेवावेत. आमची ग्लेनिशा पुण्याहून फोनवर म्हणाली, पप्पा, तिथे क्रोनर चालतात. मी म्हटलं, चलन हा अर्थशास्त्राचा भाग आहे, भूगोलाचा नाही. तरी खोडून दुरुस्ती केली. मुलीला शिकवलं की ती आपल्यालाच शिकवते.

१८ मे, रविवार
चर्चहून येताना ठरवलं, रोज पाच किलोमीटर चालायचं. बर्गनला चढ फार. आज फार ऊन, उद्यापासून.

सूचना: एकतीस. वेळेतला फरकही काढून ठेवला. साडेचार तास. ग्लेनिशाचं म्हणणं साडेतीन, उन्हाळ्यात ते लोक घड्याळ पुढे करतात म्हणे. सूर्य काय घड्याळ बघून उगवतो? साडेचारच लिहिले.

९ जून
व्हिसाचे फॉर्म भरले. तिचा तिने भरला, दहा मिनिटांत. घाईचं काम. माझा मी दोन दिवस भरला. ग्लेनिशाने सांगितलं होतं, कारण विचारलं तर पर्यटन लिहा. मी निवृत्त शिक्षक, खोटं कसं लिहू? लिहिलं, 'प्रतिनिधीस मार्गदर्शन व देखरेख'. वर सूचनांची वही झेरॉक्स काढून जोडली. असा अर्ज त्यांच्याकडे रोज येत नसणार.

२४ जुलै, गुरुवार
तिचा व्हिसा आला. माझा नाही आला. कारण दिलंय, भेटीचा हेतू पटत नाही, काम करण्याचा उद्देश दिसतो. म्हणजे माझं मार्गदर्शन त्यांना नोकरी वाटली. एका अर्थी कौतुकच म्हणायचं.

ग्लेनिशा फोनवर हसली. मग तिने विचारलं, पप्पा, वाईट वाटलं का? मी म्हटलं, छे. घरी कुणीतरी हवंच. नळ, मांजर, पावसात घर बंद ठेवलं की बुरशी. मी इथूनच सगळं सांभाळीन. खरा सेनापती मागेच असतो.

दुपारी जेवलो नाही. पित्त असावं.

संध्याकाळी सेलेस्तीनने पासपोर्टची चेनवाली पिशवी स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात घातली. म्हणाली, हो घे, तुझ्याकडेच रवांदे. पहिली सूचना तिला पटली तर. उशिरा का होईना.

३ ऑगस्ट
पिशवी गळ्यातच असते. अंघोळीला जाताना खुंटीवर, दार उघडं ठेवून. सूचना: सत्तेचाळीस. चालणं पाऊस थांबल्यावर.

ती हल्ली संध्याकाळी लॅपटॉपवर तिथल्या कुणा बाईशी इंग्रजीत बोलते. मोठ्याने हसते. कशाला हसली विचारलं, तर म्हणाली, तुका सांगान कळाचा नाय, कालवांचा आसा. घरात एवढी हसत नाही. दुरून डोंगर साजरे.

त्या बाईने तिला विचारलंय म्हणे, परिषदेनंतर जानेवारीपासून सहा महिने येशील का. सेलेस्तीन म्हणाली, बघूया. बघूया म्हणजे काय? मी तिला सूचना ४८ लगेच लिहून दाखवली: 'परक्या देशात कुणालाही लगेच हो म्हणू नये.' ती म्हणाली, मी बघूया म्हटलंय, हो खंय म्हटलंय? आणि भाजी चिरायला गेली.

१३ सप्टेंबर, शनिवार
उद्या निघायचं. संध्याकाळी अंगणातल्या क्रुसासमोर लादीन ठेवली. शेजारपाजारचे वीसेक लोक आले, प्रार्थना झाली, गाणी झाली. नंतर उकडलेले चणे वाटायच्या आधी मी चार शब्द बोललो. म्हणजे सूचना वाचल्या. चौसष्ट. एकविसाव्या सूचनेला पोरं उठली, तिसावीला बायकांनी चणे वाटायला घेतले. चाळीसनंतर समोर एकटा गुरुदास, तो उद्या गाडी चालवणार म्हणून त्याला बसणं भाग होतं. त्याने अगदी आदराने विचारलं, सर, तुमी खंय खंय जावन इलास? मी म्हटलं, बेळगाव, दोनदा. अनुभव आणि ज्ञान या वेगळ्या गोष्टी आहेत, हे ड्रायव्हरला काय समजावणार.

सूचना ४१ प्रमाणे बॅगेत सुकं खोबरं भरलं, दोन पुडे. तिथलं जेवण अळणी. ती नको म्हणत होती. मी कपड्यांच्या खाली सरकवलं.

१४ सप्टेंबर, रविवार. दुपारी, घरी
सगळं क्रमाने लिहितो.

सात वाजता निघालो. मोपा विमानतळावर साडेनऊला. तिचं विमान एकचं, मुंबईला, तिथून पुढे. दारावर पोलिसाला तिने काहीतरी दाखवलं. आधार कार्ड असणार, असं मी धरून चाललो. आत जाण्याआधी माझ्या कॉलरवरचा दोरा काढून टाकला, गोळी वेळेवर घे म्हणाली, आणि गेली. मागे वळून पाहिलं नाही. सूचना ५२: मागे वळून पाहू नये, रांग मोडते. माझीच सूचना.

सव्वादहाला आतून तिचा फोन. बॅग अडवली. सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेल पेट घेतं म्हणे. दोन्ही पुडे काढून टाकले. एवढंच बोलली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

परत निघालो. अकराच्या सुमाराला झारापला चहाला थांबलो. ग्लास घ्यायला वाकलो आणि छातीवर काहीतरी टेकलं. पिशवी. तिचा पासपोर्ट माझ्या गळ्यात.

आता जे लिहितो ते लिहायला नको. पण ही वही कोण वाचणार?

मी गुरुदासला लगेच सांगितलं नाही. चहा प्यालो. बशीत ओतून प्यालो, निवांत. डोक्यात येत होतं, ती मुंबईला पोचेल, तिथे अडवतील, उद्या दुपारपर्यंत घरी येईल. रडेल. मी समजूत घालीन. बांगडे आणीन. जानेवारीही मग आपोआप मिटेल. सात-आठ मिनिटं मला फार बरं वाटत होतं. विसरलो होतो हे खरं. पण विसरलो होतो का? छातीला लागणारी गोष्ट पावणेदोन महिने गळ्यात होती.

आणि सायबर कॅफेचा सर्व्हर कधीच डाऊन नव्हता. मी आत गेलोच नव्हतो. तीन आठवडे रोज जेटीवर जाऊन बसायचो, होड्या बघायचो आणि घरी येऊन सांगायचो, आजही बंद.

मग ग्लास तसाच ठेवून ओरडलो, गुरुदास, गाडी वळव. का ओरडलो, कुणास ठाऊक. गुरुदासने असा चेहरा केला की मला वाटलं हा रडेल. पाऊण तासाचा रस्ता त्याने अर्ध्या तासात काढला. मी सगळा वेळ देवाकडे मागत होतो की पोचव. काय मागत होतो ते तरी यावेळी नक्की होतं.

दारावरच्या पोलिसाला म्हटलं, बायकोचा पासपोर्ट राहिलाय, तिचं विमान एकचं. त्याने पिशवी उघडली, पासपोर्ट उलटसुलट केला आणि परत दिला. म्हणाला, काका, हा रद्द झालेला आहे.

कोपरा कापलेला. २००९ चा. तिच्या भावाकडे कुवेतला जायचं म्हणून काढलेला, तेही राहिलं होतं. फोटोतली सेलेस्तीन अडतीस वर्षांची, केस काळे, हसायचं नाही असं फोटोवाल्याने सांगितलेलं तरी थोडी हसलेली. आतली पानं सगळी कोरी. एकही शिक्का नाही.

तिला फोन लावला. ती आत इडली खात होती. मी विचारलं, पासपोर्ट? म्हणाली, माझो माझ्याकडे आसा. तू खंय? मी म्हटलं, झारापला, चहा घेतोय. आणि विमानतळाच्या दारापासून दहा पावलांवर तसाच उभा राहिलो. गुरुदास दुसरीकडे बघत होता. भला माणूस.

१५ सप्टेंबर
तिचा मेसेज. पोचलंय, पाऊस आसा, छत्री एकच काढली. मी कळवलं, छान. आणखी काही सुचलं नाही. चौसष्ट सूचना करणाऱ्याला.

१७ सप्टेंबर, बुधवार
आज पेपर. तिथले अकरा, म्हणजे आपले साडेतीन. पावणेतीनला फोन लावला, शेवटच्या चार गोष्टी सांगायला: सावकाश बोल, पाणी पी. उचलला नाही. पुन्हा लावला. एकूण अकरा वेळा. चार वाजता ग्लेनिशाचा फोन, पप्पा, मम्मीचं भाषण कधीच झालं, अडीचला सुरू झालेलं, मी ऑनलाइन बघितलं, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तुम्ही बघितलं नाही? फरक साडेतीन तासांचाच होता.

फोनचा आवाज तिने बंद ठेवलेला. नाहीतर भर भाषणात अकरा वेळा वाजला असता.

आज गोळी दोनदा घेतली बहुतेक. आठवत नाही.

१८ सप्टेंबर, संध्याकाळी
ठरवलं, आज सांगायचं. एका कागदावर मुद्दे काढले. एक, २०१९. दोन, झाराप. तीन, माफी. पाच वाजता तिनेच फोन केला. मागे माणसांचा आवाज होता, होडीत बसवून त्यांना खाडी दाखवायला नेत होते. म्हणाली, इथल्या खाडीक फियॉर्ड म्हणतत, पाणी काळा, कालवा आसत पण काढूक बायका नाय.

मी म्हटलं, सेलेस्तीन, त्या जपानच्या वेळी सर्व्हर डाऊन नव्हता.

ती म्हणाली, ठावक आसा. सायबरवाल्याक मी त्याच आठवड्यात इचारलंय.

सहा वर्षं. मला बसायला खुर्ची सापडेना, पायरीवरच बसलो. म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, बोलान काय होणार होता, तू आणखी एक खोटा सांगितलं असतंस. रागाने नाही म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे, तशा सुरात.

मग विचारलं तिने, तुका भीती होती काय रे, मी परत येवचंय नाय म्हणान?

मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, हो. अजून आहे. जानेवारीचीही.

मग म्हणाली, मगे तसा सांगूचा ना. जपानाक दोघांय मिळून गेलो असतो.

कागदावर झाराप आणि माफी हे दोन मुद्दे राहिले होते. ते वाचेपर्यंत तिकडे कुणीतरी तिला नावाने हाक मारली, ती इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि फोन बंद झाला.