संपर्क क्रमांक एक

३ जून
आजपासून मी बायकोचा संपर्क क्रमांक एक. ती लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त घेते. एकटी, अनोळखी घरांत. लॅबने गळ्यात घालायचं अलार्मचं यंत्र दिलंय. घरात शिरताना बटण दाबायचं, वीस मिनिटांत बाहेर पडून परत दाबायचं. नाही दाबलं, की माझा फोन पत्त्यासकट बोंबलणार आणि मी धावणार. आई म्हणाली, "तू? धावणार?" दुर्लक्ष केलं.
संकल्प: फोन कधीच सायलेंट नाही.

४ जून, सकाळी ७.१०
सरावासाठी जिना तीनदा चढलो-उतरलो. दम लागला. म्हणजे फरक पडतोय.

६ जून
पहिला अलार्म! न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनिशी पळालो. दार बडवलं. "सोडा तिला!" आत बायको एका आजोबांची शीर शोधत होती. आजोबा दचकले, सापडलेली शीर गेली. येताना बायको माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. भारावली असणार.

९ जून
दोन अलार्म. दोन्ही वेळा आधी शांतपणे विचार केला. उगाच पेशंट घाबरतात. पंधरा मिनिटांनी तिने दाबलंच. अनुभव म्हणतात तो हा.

१२ जून, संध्याकाळी
मीटिंग होती. फोन सायलेंट. तसा व्हायब्रेटवर, पण बॅगेत.
आजच एका पेशंटच्या मुलाने आतून कडी घातली. रिपोर्ट आत्ताच दे म्हणाला. बायकोने बाकीच्या फेऱ्या रद्द केल्या. सोडवलं कोणी? माझ्या आईने! गुडघ्यांना पट्टे बांधून, मेडिकलवाल्याच्या स्कूटरवर मागे बसून गेली. दाराबाहेरून असं काही सुनावलं की त्याने कडी काढून माफी मागितली.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बॅग उघडून फोन बघितला. एकही अलार्म नाही.
मग यंत्रातली संपर्कांची यादी बघितली. एक, आई. दोन, मेडिकलवाला. तीन, खालची शिवणवाली. मी कुठेच नाही. दहा तारखेपासून.
म्हणजे माझं काही चुकलंच नाही! आणि माझी सख्खी आई यांना सामील!

१३ जून
जाब विचारला. आई म्हणाली, "अरे, तुला त्रास नको म्हणून." बायको म्हणाली, "नऊ तारखेला दोन्ही वेळा मी मुद्दाम दाबलं नव्हतं. तू येतोस का बघत होते. पेशंटच्या इमारतीखाली उभी होते."
नवऱ्याची परीक्षा घ्यायची, तीही न सांगता. सांगितलं असतं तर गेलो नसतो का?
दिवसभर अबोला धरला. कोणाच्या लक्षात आला नाही.

१५ जून, सकाळी ८.१५
बायको कामाला निघाली. आई फोन मांडीवर घेऊन खिडकीत. मी म्हटलं, मलाही काही जबाबदारी द्या. बायको म्हणाली, "कुकर बघ. तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर."
स्वीकारली. मन मोठं लागतं.

८.४०
तिसरी झाली की चौथी? लिहिण्याच्या नादात नक्की नाही. आईला विचारलं.
आईने गॅस मघाशीच बंद केलाय.