गोळ्यांची रिकामी पाकिटं

मंगळवार, संध्याकाळ

आज बाबांना सांगायचंच, असं ठरवून ऑफिसातून निघाले होते. नाही सांगितलं.

गोळ्यांची रिकामी पाकिटं घेणारं रामदासपेठेतलं दुकान दिवाळीतच बंद झालं. कबाडीवाला तर असल्या मालाला हातही लावत नाही. आणि इकडे बाबा, म्हणजे माझे सासरे, रोज दुपारी गॅलरीत बसून प्रत्येक पाकिटाचा चांदीचा कागद अंगठ्याच्या नखानं सोलतात. नख मुद्दाम वाढवलंय. चांदी एका पिशवीत, प्लास्टिक दुसरीत. मीच शिकवलं. घरातला कचरा कमी करायचा होता ना मला! आता कपाटामागे पिशव्यांना जागा नाही, आणि फेकायला हात होत नाही.

चहा देताना बोलणारच होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "डॉक्टरनं माह्या दोन गोळ्या बंद केल्या वं आज."

"अरे वा! चांगलंच झालं की, बाबा."

"चांगलं का? आता आपला माल कमी होईन ना. मंग हे नख ठेवून का करू?"

तब्येत सुधारलेल्या माणसाचा चेहरा असा असतो?

माझ्या तोंडून काय निघावं! "वरच्या काकूंना विचारते. त्यांना शुगर आहे, बीपी आहे."

पाय दुखत होते, तरी जिना चढले. काकूंनी आनंदानं भरलेली पिशवीच हातात दिली. म्हणजे आता दुसऱ्यांचाही कचरा माझ्या घरात.

खाली आले तर बाबा नेलकटर घेऊन बसलेले. बाकीची नखं कापून झाली होती. अंगठ्याचं तेवढं ठेवलं होतं.