दादाच्या निकालाच्या दिवशी

तीर्थरूप आईस,
नमस्कार. आधी चांगलं ते सांगतो. फाशी टळली, दादाला जन्मठेप झाली. त्याची तब्येत ठीक आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

ज्या मुलाचा दादाने जीव घेतला, त्याची आई निकालानंतर न्यायाधीशांना विचारून बोलायला उभी राहिली. दादाला म्हणाली, "मी तुला माफ केलं. मनात विष ठेवून देवापुढे हात जोडता येत नाहीत रे." मग मागे वळून तिने विचारलं, "याच्या घरचं कोणी आलंय का? मला भेटायचंय."

मी शेवटच्या बाकावर होतो. सगळे माना वळवून बघायला लागले, तसा मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो.

दादाने मला पाहिलं होतं. तो म्हणाला, "माझं कोणी आलेलं नाही, मावशी."

ती काठी टेकत निघून गेली.

नंतर पोलिसांनी आम्हाला दोन मिनिटं भेटू दिलं. दादा म्हणाला, "आईला लिही, तू उठून त्यांना भेटलास म्हणून. तेवढंच तिला बरं वाटेल."

तसंच लिहायला बसलो होतो आई, पण हात चालेना.

तुला तोंड दाखवायची लाज वाटणारा,
तुझा धाकटा