सात नंबरची किल्ली

प्रिय कुलूपराव,

पाकीट पाहून वहिनी म्हणतील, एवढ्या वर्षांनी यांना पत्र लिहायची हुक्की कुठून आली! माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण निवृत्तीला चारच महिने उरलेत, तेवढे निभावतील.

आपलं सबस्टेशन आता तुला ओळखू यायचं नाही. विजेचा दाब दुप्पट होणार म्हणून जुनी यंत्रं मोडीत निघाली. नव्या ट्रान्सफॉर्मरला फाटक लहान पडलं, तर साहेबांनी भिंतच पाडली. नवी पोरं खोलीत बसून पडद्यावर बोट टेकवतात आणि यार्डातला स्विच हलतो. कुलपाचा नियम मात्र तोच. जो दुरुस्तीला तारांपाशी वर चढणार, त्यानं बंद स्विचच्या दांड्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची, आणि ते दुसऱ्या कुणी काढायचं नाही. तू तर लावलेलं कुलूप तीनदा ओढून बघायचास, म्हणून तुला हे नाव पडलं.

विजेच्या धक्क्यानं तुझा उजवा हात गेला आणि त्या नावाची चेष्टा झाली. कुलूपरावच कुलूप विसरले, म्हणे. चौकशीतही तेच ठरलं, कारण कुलूप तुझ्या पेटीत सापडलं. मागे तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा डाव्या हातानं चहा ढवळत तूही म्हणालास की चूक आपलीच. बाहेर पडताना वहिनींनी तुला दोनदा विचारलं, मागच्या दाराला कुलूप लावलं ना? तू मागे जाऊन बघून आलास. मी चपला घालत होतो.

गेल्या आठवड्यात नव्या केबलसाठी जुना चर उपसला. गाळात एक किल्ली निघाली, बिल्ल्यावर सात नंबर. तुझ्या कुलपाचा नंबर. साहेबांनी ती फळ्यावर टांगून खाली लिहिलं, कोणाची? तीन दिवस मी तिच्यासमोरून ये-जा केली.

अपघाताच्या त्या दुपारी लाइन लवकर सुरू करायची घाई होती. तू खाली उतरला असशील असं मी धरून चाललो, मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ऑफिसातल्या दुसऱ्या किल्लीनं तुझं कुलूप काढलं आणि स्विच चालू केला. सगळे तुला घेऊन दवाखान्यात धावले, तेव्हा मी ते कुलूप तुझ्या पेटीत ठेवलं आणि ऑफिसातली ती किल्ली चरात टाकली. एकोणीस वर्षं माझा दोष तुझ्या डोक्यावर राहू दिला. मला लाज वाटते. आज सकाळी साहेबांना सगळं लिहून दिलंय, नक्कल सोबत आहे. माझं काय व्हायचं ते होईल. रविवारी येतो, हवं ते बोल. त्याआधी हे पत्र वहिनींना वाचून दाखव. तू कुलूप लावलं होतंस.

तुझाच,
पाळीतला जोडीदार